नात्याच्या रकान्यात नसीमबानो

मी, संध्या बुधाजी तायडे, वय एकोणसत्तर, निवृत्त कंपनी सेक्रेटरी, राहणार साईनगर, अमरावती, हे मृत्युपत्र आपखुशीने लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचे विचारत नाही.

१. अकोल्याच्या एका डाळ मिल कंपनीत मी उभी हयात एकच काम केले: कंपनीने मालकाच्या आपल्या माणसाशी व्यवहार केला, तर ते नाते अहवालात जाहीर करणे. मालकांनी वाहतुकीचा ठेका साडूला दिला. म्हणाले, "मॅडम, कायद्याच्या यादीत साडू कुठं हाये? कावून लिवून राहिल्या?" यादीत खरेच नव्हता. पण आमच्या कंपनीत पैसे घातलेल्या सिंगापूरच्या भागीदारांचे हिशेबाचे नियम नुसती यादी पाहत नाहीत, घरात कोणाच्या शब्दाला वजन आहे तेही पाहतात. साडूच्या शब्दावर मालक उठत-बसत. मी लिहिले, माझी बढती गेली. मालकांना माफ केले आहे, साडूला नाही.

२. त्याच सिंगापूरच्या नियमांत, लग्न झालेले नसले तरी संसारातला जोडीदार जवळचा धरला आहे. आपल्या कंपनी कायद्याच्या यादीत तो नाही. ती ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ऑफिसातच रडू आले. म्हणून इथे जाहीर करते: नसीमबानो शेख वली, शिवणकाम शिक्षिका, लोकांसाठी माझी भाडेकरू, ही माझी तशी जोडीदार आहे.

नसीम म्हणते, "संध्या, मैत्रीन लिव, बस झालं. तुह्या मागं लोकं मले जगू देतीन का?" पण मैत्रिणीला घराबाहेर काढायला कोणीही उठतो. म्हणून तिचे ऐकलेले नाही.

३. माझे राहते घर आणि बँकेतील सर्व शिल्लक नसीमबानोला. कायद्याची पुस्तके रद्दीत द्यावीत, कायदा सारखा बदलतो. अंत्यविधीला तिला सर्वांत पुढे बसवावे आणि भाडेकरू म्हणून कोणी तिची ओळख करून देऊ नये.

४. माझे दिवंगत भाऊ डोमाजी यांचा मुलगा अनुप हा माझा एकटाच वारस. तो घरासाठी भांडेल, अशी मला धास्ती होती. त्याला मसुदा वाचायला दिला. त्याने तो दोनदा वाचला. मग म्हणाला, "आत्या, मले काईच ठेवू नको. ज्याले मिळते त्यानं साक्षीदार होऊ नये म्हंतेत ना? मंग मले साक्षीदार कर. उद्या कोनी नसीमबानोले घरातून उठवाले आलं, त कोर्टात मी उभा राहीन."

सबब अनुपला काहीही ठेवलेले नाही.

वरील मजकूर नसीमला वाचून दाखवला. ती अजून रागावलेली आहे. तरीही मी सही करत आहे.

ठिकाण: अमरावती
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५

लिहून ठेवणार: संध्या बुधाजी तायडे (सही)

साक्षीदार:
१. डॉ. चंदा शेषराव गवई (सही). नाते: नाही.
२. अनुप डोमाजी तायडे (सही). नाते: दोघींचा भाचा.