पाहुणा आणि पूड

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पार्सल पोचलं. डुकराची किडनी बसवल्यापासून मशीनवर रक्त साफ करणं सुटलंय. पाहुणा डुक्कर असला तरी कामाला वाघ आहे!

पण अगं, मोज्यात लपवलेली तुझी ताकदीची पूड नर्सने पकडली आणि कपाटात कुलूपबंद केली. इथं सगळं उलटं आहे. अंगातले पहारेकरी जागे असले की परकी किडनी ओळखून हाकलतात, म्हणून औषधं देऊन त्यांना झोपवलंय. तुझी पूड त्यांनाच उठवणारी. आता साधी सर्दीही मला झेपणार नाही. म्हणून तर तुझा खोकला ऐकून तुला दारातूनच परत पाठवलं. काचेतून तुझी पाठ तेवढी दिसली.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा किल्लीवाला

९ मार्च

चि. किल्लीवाल्यास,
अ. उ. आ.

माझ्या किडनीला तुझ्या अंगाने तपासणीतच नकार दिला, आणि डुकराची मात्र गोड मानून घेतली! सख्ख्या बहिणीपेक्षा तोच जवळचा. असू दे, टिकला म्हणजे झालं.

खोकला आहेच. चिंध्यांच्या धुळीचा आहे, कुणाला लागणारा नाही, पण तुझे लोक ऐकतील तर शपथ. संध्याकाळी शिलाई मशीन बंद केलं की घर खायला उठतं. तुझा शर्ट शिवून ठेवलाय, पोटाशी सैल. तिथं कुणी हात तरी धरतं का रे तुझा?

औषधं चुकवू नकोस, आणि मलाही विसरू नकोस.
तुझी ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

पाहुणा गेला. पहारेकरी जागे झालेच. डॉक्टरांनी औषधं वाढवून पाहिली, काही उपयोग झाला नाही. किडनी काढली. मी पुन्हा मशीनवर. खूप रडलो ताई, खोटं कशाला बोलू? डुकरासाठी रडलो हे मात्र कुणाला सांगू नकोस. विचारलं होतंस म्हणून सांगतो, इथं सगळे हातमोजे घालूनच हात लावतात.

तुझा,
किल्लीवाला

६ एप्रिल

चि. बाळा,

खरं सांग, पूड चाखली होतीस का? माझं मन राखायला चिमूटभर तरी? तुला जगवायला निघाले आणि मीच घात केला की काय!

ताई

११ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

वेडी आहेस का? ते कुलूप उघडणं माझ्या हातचा मळ होता, पण आईशप्पथ, हात लावला नाही. नर्सने डबी परत दिलीय. झाकणावरची तुझी चिकटपट्टी तशीच आहे, येशील तेव्हा स्वतः बघ.

हो, येशील तेव्हा. किडनीच नाही, म्हणून पहारेकऱ्यांना झोपवायची औषधं बंद झाली. ते हळूहळू कामावर रुजू होताहेत. काल मला साध्या खोलीत आणलं, इथं काच नाही. तुझ्या खोकल्याचं सांगितलं, तर डॉक्टर म्हणाले, येऊ दे.

मशीनवर असलो की एक हात अडकलेला असतो. दुसरा मोकळाच असतो. शर्ट घेऊन ये, आणि हातमोजे घालू नकोस.

वाट बघतोय.
तुझा धाकटा