दोन साचे, एक चौकट

मी, खाली सही करणार, वय वर्षे एक्याऐंशी, जन्मभर कागद करून पोट भरलेला इसम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व आपखुशीने लिहून ठेवत आहे. डॉक्टरांच्या दाखल्याप्रमाणे माझी स्मरणशक्ती उत्तम आहे. थोडी कमी असती तरी माझी तक्रार नसती.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व मागची पडवी, माझ्या एकुलत्या एका मुलीचे. जावयाने नेलेली शिडी मात्र जावयाचीच समजावी. तसाही तो ती परत करणार नाही.

कलम २. बँकेतली शिल्लक मुलीचीच. त्यातून माझे शेवटचे कार्य साधेपणाने उरकावे.

कलम ३. भिंतीवर टांगलेली लाकडी चौकट माझ्या थोरल्या भावाला द्यावी. याचा खुलासा करणे भाग आहे.

वडिलांचा हातकागदाचा हौद होता. दादा जाळीचा साचा लगद्यात बुडवून उचलायचा, वरची चौकट काढून घ्यायचा आणि साचा माझ्याकडे सरकवायचा. मी ओला ताव लोकरीच्या कापडावर उलटेपर्यंत तीच चौकट त्याने दुसऱ्या साच्यावर चढवलेली असायची. म्हणून साचे दोन आणि चौकट एकच. चौकटीशिवाय लगदा कडेने वाहून जातो.

वडिलांच्या मागे वाटणी झाली. साचा एकेक घेतला, हौद त्याच्याकडे गेला, चौकट मी हट्टाने मागून घेतली. गावात सुतार होता, लाकूड होते. पण नवी चौकट करणे म्हणजे हार खाणे, असे दादाला वाटले. हौद बांधण्याबाबत मला तसेच वाटले. अखेर दोघेही गिरणीत लागलो, एकाच यंत्रावर. तो लगद्याच्या टोकाला, मी सुक्या कागदाच्या, मधे तापलेले रूळ. त्याने सोडलेला लगदा कागद होऊन माझ्यापर्यंत यायचा. शब्द कधी आला नाही, मीही पाठवला नाही.

वहिनी गेली तेव्हा मी त्याच्या दारापर्यंत जाऊन परत फिरलो. याचे मला फार वाईट वाटते.

दुरुस्ती. कलम ३ रद्द. कारण असे:

साक्षीला शेजारचे शिंपी आले. दुसरे कोणी मिळेना, तेव्हा मुलगी मला न विचारता दादाला घेऊन आली. वकिलांनी सगळे मोठ्याने वाचले आणि सांगितले की ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये. दादा म्हणाला, "तू मरायची वाट बघत बसू का आता? काढ ती खाली."

काढली. त्याने ती माझ्या साच्यावर ठेवली. बसेना. एक कोपरा वरच राहिला. भिंतीवर वाळून लाकडाला पीळ पडला आहे. दादाने तो कोपरा अंगठ्याने दाबून धरला.

"टांगायची नसते रे ही. सपाट ठेवायची, ओलीत. मला विचारायचं तरी."



चौकट त्याने पंच्यात गुंडाळून घेतली आहे. सबब ती आता माझ्या मालमत्तेत नाही, आणि माझ्या मागे माझ्या भावाला माझ्याकडून काहीही मिळत नाही. म्हणून तो साक्षीदार होऊ शकतो.

स्थळ : माझ्या घराची पुढली खोली
दिनांक : सात मार्च

लिहून ठेवणार : (सही)
साक्षीदार पहिले : शेजारी, शिंपी (सही)
साक्षीदार दुसरे : थोरला भाऊ (सही)