कोळसेवाले, काचवाले आणि मजीदचाचांचा थाळा

नाही मामू, सोयरीक मी मोडलेली नाही. ती विलायतेतल्या एका मैदानावर मोडली आणि त्या वेळी मी इथे कुवेतमध्ये, फहाहीलला मजीदचाचांच्या चुलीपाशी उभा होतो. साक्षीदार आहेत. तुम्ही मात्र कोणाला न विचारता मला 'घरफोड्या' लिहून मोकळे झालात. तेही उघड्या कार्डावर. म्हणजे वाटेत ज्याला ज्याला वाचता येतं त्या सगळ्यांचं वाचून झाल्यावर ते मला मिळालं.

असो. आधी रीत. अस्सलाम अलैकुम. तुमचा दमा कसा आहे? मामीचे गुडघे? (गुडघ्यांना इथलं बाम पाठवलं होतं, ते तुम्ही म्हशीला लावलंत असं कळलं. म्हशीला गुण आला का?) आम्ही सगळे खुशाल. ऊन जरा कमी झालंय, वाळू तेवढीच आहे.

आता नीट ऐका. आमच्या तेल कंपनीच्या मेसमध्ये दोन साहेब आहेत. दोघेही उत्तर विलायतेतले, शेजारशेजारच्या गावांचे. एका गावात कोळशाच्या खाणी, दुसऱ्यात काचेचा कारखाना. दोन्ही गावांचे रग्बी लीगचे पगारी संघ आहेत. पगार घेऊन कुस्तीसारखं झोंबायचं, अशी ती नोकरी. शनिवारी संध्याकाळी साहेब क्लबातल्या रेडिओला कान लावून बसतात. संघ हरला की साहेब सूप परत पाठवतो. साहेबाने सूप परत पाठवलं की बटलर बदरुद्दीन तोंड पाडून आत येतो, आणि आचारी मजीदचाचा पातेलं आपटतात. तेव्हा आमचे लोक त्या खेळाचे शौकीन हौसेने झाले नाहीत हे लक्षात घ्या. ते सुपाच्या मार्गाने झाले. बदरुद्दीनचाचा कोळशाच्या साहेबाला वाढतात म्हणून ते कोळसेवाले. काचेचा साहेब मजीदचाचांच्या कालवणाची तारीफ करतो म्हणून ते काचवाले. त्यातून दोघे आपल्या खाडीच्या दोन तीरांचे. दोन तीरांवरच्या माणसांना भांडायला चेंडू तरी कशाला लागतो?

खेळ त्यांनी जन्मात पाहिलेला नाही. रेडिओवर फक्त आकडे सांगतात, अमक्याचे इतके, तमक्याचे तितके. बी.ए. झालेला आणि इंग्रजी कळणारा मी एकटा, म्हणून मला विचारायचे की यूसुफ, झालं कसं ते सांग. मी सांगायचो. मजीदचाचांनी सगळं चटकन पकडलं. पपईएवढा चेंडू बगलेत मारून खेळायची हुतूतू, फक्त दम धरायचा नाही. चेंडू मागच्याकडेच फेकायचा आणि माणसाने मात्र पुढे पळायचं, हे कळल्यावर ते म्हणाले की ही तर आपली कुवेतची नोकरी झाली. (मामू, माझ्या कथांमध्ये काही घडत नाही म्हणून मुंबईचे संपादक त्या परत पाठवतात. त्यांनी एकदा शनिवारी आमच्या मुदपाकखान्यात येऊन बसावं. माझ्या एकेका वाक्याला कांदे चिरायचे थांबत.)

त्या शनिवारी कोळसा विरुद्ध काच होती. आठवडाभर दोन्ही चाचा एकमेकांशी फक्त मिठापुरतं बोलत होते. आणि तुम्हाला ठाऊक आहे, मजीदचाचांच्या शरीफाची बदरुद्दीनचाचांच्या जाफरशी मंगनी ठरल्यापासून हे दोघे व्याही रोज एका थाळ्यात जेवायचे. आपल्यात व्याह्यांचा थाळा म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. त्या रात्री दोन्ही साहेब मुकाट्याने जेवून गेले. सूप दोघांनीही अर्धं टाकलं. मग थाळा बसला, आणि मला फर्मान झालं.

मी सांगितलं की बरोबरी झाली. म्हणून तर दोघांचीही तोंडं उतरलेली. शेवटच्या घटकेला काचवाल्यांचा गडी चेंडू घेऊन रेषेपलीकडे पडून गुण घेणारच होता, एवढ्यात कोळसेवाल्याने त्याला खाली घेतलं आणि त्याच्या दंडाला चावा घेतला. चेंडू सुटला.

मजीदचाचांचा घास हातातच राहिला. कोळसेवाले असलेच, खाडीपलीकडची जात, असं काहीतरी ते पुटपुटले. बदरुद्दीनचाचा शांतपणे भात कालवत म्हणाले, "चावला म्हणजे भूक लागली असेल बिचाऱ्याला. तुमच्या हातचं जेवून उतरला असेल मैदानात."

मामू, आचाऱ्याला हे. तेही त्याच्याच थाळ्यात हात घालून.

मजीदचाचांनी थाळा आपल्याकडे ओढला. बदरुद्दीनचाचांचा हात घासासकट हवेत राहिला, आणि खाली सतरंजी. "चावणाऱ्यांच्या घरात माझी पोर जायची नाय," मजीदचाचा म्हणाले. बदरुद्दीनचाचा उठले, हात धुतला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि गेले. सोयरीक मोडली ती एवढीच. यात मी कुठे आलो?

जाफरचं म्हणाल तर दुसऱ्या दिवशी तो शुऐबा बंदरावरच्या नोकरीवरून खास आला, मला कोपऱ्यात ओढलं, आणि मी मार खायच्या तयारीने डोळे मिटले तर त्याने मिठी मारली. त्याला एवढ्यात लग्नच नको होतं, बापाला सांगायची छाती नव्हती. तेव्हा तुमच्या गावात जे रडतायत त्यांना सांगा की नवऱ्या मुलाची तब्येत उत्तम आहे.

मामीला सलाम. म्हशीलाही.

तुमचा भाचा,
यूसुफ

ता. क. थाळ्यात एकट्याने जेवणं मजीदचाचांना जमत नाही. सध्या त्यांच्या समोरचा हात माझा असतो. तेव्हा हे पत्र मिळताच चांगला शेरवानी कोट घालून खाडीपलीकडे जा, आणि शरीफाच्या आईकडे, फखरुन्निसाचाचींकडे, माझ्या नावाने शरीफासाठी लग्नाचा पैगाम टाका. मुलगा कथा लिहितो हे सांगू नका. रेडिओ समजतो, एवढं पुरे.

आणखी एक. मजीदचाचांना कधीच कळता कामा नये, पण त्या शनिवारी ती मॅच झालीच नाही. धुक्यामुळे रद्द झाली होती. साहेबांची तोंडं उतरली होती ती त्यामुळे.

अगदी शेवटचं. गेल्या रजेत खाडी ओलांडताना तरीच्या होडीत शरीफा मला म्हणाली होती, "एवढ्या गोष्टी रचतोस, एखादी उपयोगाची रच की." मोठ्यांचा शब्द मोडू नये असं तुम्हीच शिकवलंत, आणि ती माझ्यापेक्षा आठवड्याने मोठी आहे. तुम्ही चिडून उत्तर लिहाल, पण ते इथे यायच्या आत मी इथे नसेन. पत्र विमानाने धाडतोय, मी बोटीने निघालोय. बोटीचा भोंगा झाला. कोट इस्त्री करून ठेवा.