वाटेत असलेले सहा नंबरचे बूट

प्रिय मास्तरीणबाई,

गेले अकरा दिवस तू ज्या ‘ग्राहक सेवा विभागा’शी भांडते आहेस, तो विभाग म्हणजे मी. विभागात दुसरं कोणी नाही. एक कॉम्प्युटर आहे, एक स्टूल आहे, आणि स्टुलाचा एक पाय आखूड असल्यामुळे सगळा विभाग दिवसभर डुलत असतो. ‘आपल्या गैरसोयीबद्दल विभाग दिलगीर आहे’ हे वाक्य तुला सात वेळा आलं. सातही वेळा ते मीच लिहिलं आणि सातही वेळा मी दिलगीर वगैरे अजिबात नव्हतो. आज आहे. हे पत्र तुझ्या बुटांच्या खोक्यातच ठेवतोय. आधी बूट बाहेर काढून घे, नंबर तपास, आणि मगच पुढे वाच. कारण वाचून झाल्यावर तू खोकं फेकून मारशील आणि तेव्हा आत बूट असता कामा नयेत.

अक्षर ओळखलं असशीलच. दुसऱ्या वर्षाला वर्कशॉपच्या वहीत याच अक्षराखाली तू लाल पेनाने ‘वाचता येत नाही, पुन्हा लिहा’ असा शेरा मारला होतास, जसं काही तुला त्याचा पगार मिळत होता. तेव्हापासून तू मास्तरीणबाई आणि त्यावरून लगेच पेटलेला मी काडेपेटी. पुढचं तुला माहीत आहे, पण तुझ्या बाजूने माहीत आहे, म्हणून माझ्या बाजूने एकदा सांगतो. तुझं ड्रॉइंग दोन तास उशिरा गेलं म्हणून सरांनी पाच मार्क कापले. तुझं म्हणणं होतं की उशीर केला तर मार्क जाणारच. माझं म्हणणं तुझ्यापेक्षा वेगळं होतं आणि ते मी तुला न विचारता थेट सरांच्या केबिनमध्ये जाऊन मांडलं, टेबलावर हात आपटून. शेवटी ‘या कॉलेजात पुन्हा पाऊल ठेवणार नाही’ असं म्हणून बाहेर पडलो. मला वाटलं, मागून कोणीतरी हाक मारेल. तीन दिवस गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्यापाशी उभा होतो, हाक ऐकू यावी म्हणून. चौथ्या दिवशी झेरॉक्सवाला म्हणाला, “काही काढायचं नसेल तर बाजूला हो बाबा, गिऱ्हाईक अडतंय.” त्याच दिवशी तू तिथून गेलीस, थांबलीस आणि विचारलंस, “तुला भांडायला सांगितलं कोणी होतं?” मी बाजूला झालो. आणि थेट मामांच्या दुकानात आलो.

मामांचं दुकान कामाच्या बुटांचं. गमबूट, वेल्डरचे बूट, ओल्या फरशीवर न घसरणारे बूट. मामांची तीस वर्षांची पद्धत अशी की प्रत्येक जोडातला डावा बूट बाहेर फळीवर मांडायचा आणि उजवा खोक्यात घालून माळ्यावर ठेवायचा. म्हणजे कोणी फळीवरचा बूट उचलून पळालाच, तर एका पायाने किती लांब जाईल, असा त्यांचा हिशोब. गिऱ्हाईक आलं, नंबर सांगितला, की मामा ओरडतात, “वर बघ.” मग कोणीतरी शिडी लावून वर बघतं. दीड वर्षापूर्वी ऑनलाइन विक्री सुरू केली आणि सगळा गोंधळ झाला. सकाळी काउंटरवर विकलेला जोड दुपारी ऑनलाइन पुन्हा विकला जायचा. ‘आपले पार्सल निघाले आहे’ असं गिऱ्हाइकाला जायचं आणि पार्सलात घालायला आमच्याकडे काही नसायचं. एका वेल्डरला तर नुसता उजवाच बूट गेला. त्याने एवढंच कळवलं, “मला दोन पाय आहेत.” मी उत्तरात चार खरमरीत ओळी लिहायला बसलो, पण मुद्दा त्याचाच बरोबर होता.

मग मी पाच आठवडे बसून काउंटर आणि ऑनलाइन यांची गाठ बांधली. आता काउंटरवर बिल झालं की तो जोड ऑनलाइनवरून आपोआप गायब होतो. ऑनलाइन कोणी मागवला की काउंटरच्या स्क्रीनवर त्याच्यासमोर लाल खूण येते, म्हणजे हा दुसऱ्याचा, विकू नका. आणि पार्सल बांधल्यापासून पोहोचेपर्यंत कुठे आहे, ते गिऱ्हाइकाला त्याच्या मोबाइलवर आणि आम्हाला इथे, दोघांनाही एकच दिसतं. मामांना दाखवलं. म्हणाले, “म्हणजे दुकानात काय आहे ते आता दुकानात न बघता कळणार?” मी हो म्हटलं. “मग मी इथे कशाला बसू?” पण आठवडाभरात त्यांना नाद लागला. स्टेशनवर पाहुण्यांना पोहोचवून आल्यावर ते गाडीत नीट बसले असतील ना याची काळजी करतात, तसे ते संध्याकाळी पार्सलं बघत बसतात. कॉलेज सोडल्यापासून मी पूर्ण केलेलं हे एकच काम, मास्तरीणबाई. तेच मी तुझ्याविरुद्ध वापरलं.

गेल्या आठवड्यात मंगळवारी दुपारी तुझं नाव स्क्रीनवर आलं. मी स्टुलावरून पडलो नाही, पण विभाग बराच डुलला. नाव तुझं, पत्ता तुझा, आणि माल कुठला तर पुरुषांचे बूट, काळे, पुढे पोलादी टोपी असलेले, नंबर सहा. खाली सूचनेच्या चौकटीत तू लिहिलं होतंस, ‘लवकरात लवकर पाठवा. काही झालं तरी येत्या नव्हे, त्यापुढच्या सोमवारी सकाळी आठच्या आत हातात हवेतच. माझ्यासाठी फार मोठा दिवस आहे.’ आता तूच सांग, माणसाने काय समजायचं? पुरुषांचे बूट, मोठा दिवस. मी समजलो की तुझं लग्न ठरलं. पोलादी टोपीवरून समजलो की मुलगा कारखान्यात इंजिनीअर आहे. म्हणजे डिग्री पूर्ण केलेला. आणि सहा नंबर. मी आतल्या खोलीत जाऊन स्वतःचा पाय मापाच्या पट्टीवर ठेवून बघितला. दहा. माझे दहा सोडून तू निवडून निवडून सहा नंबरचा माणूस निवडलास, याचा मला जो राग आला तो कशात मोजतात मला माहीत नाही.

पार्सल बांधलं, पत्ता चिकटवला आणि शिडी लावून पुन्हा माळ्यावर ठेवून दिलं. स्क्रीनवर लिहिलं, ‘वाटेत आहे.’ दुसऱ्या दिवशी लिहिलं, ‘मुख्य केंद्रात पोहोचले.’ आमच्याकडे कसलंही केंद्र नाही. मुख्य केंद्र म्हणजे माळा. मग एकदा खाली आणून काउंटरखाली ठेवलं, ते ‘उपकेंद्र’. मामांनी त्यावर पाय आपटून घेतला तेव्हा ‘तांत्रिक कारणास्तव मुख्य केंद्राकडे परत’. मामा एकदा म्हणालेही, “हे एक पार्सल फारच फिरतंय रे.” मी म्हटलं, रस्ता खराब आहे. इकडे तू मोबाइलवर किती वेळा बघितलंस ते मला दिसत होतं. सेहेचाळीस वेळा. कॉलेजच्या दीड वर्षात तू माझ्याकडे एकूण इतक्या वेळा बघितलं नसशील. मला तर त्या आकड्याचाच लळा लागला होता. सकाळी दुकान उघडलं की आधी तो बघायचा.

बूट कोणासाठी आहेत हे काढून घ्यायला मी विभागातर्फे पाहणीसुद्धा केली. ‘सदर पादत्राणे कोणत्या व्यक्तीसाठी व कोणत्या प्रयोजनार्थ हवी आहेत?’ तू उत्तर दिलंस, ‘पायात घालण्यासाठी. तुमच्याकडे डोक्यात घालतात का?’ ते वाचून मी एकटाच हसलो, आणि मग अशी बायको त्या सहा नंबरवाल्याला मिळणार म्हणून पुन्हा भडकलो. या अकरा दिवसांत सहा नंबरची तीन माणसं दुकानात आली. तिघांवरही माझा डोळा होता. एक म्हातारा आचारी होता, त्यालाही विचारलं, लग्न ठरलंय का. तो म्हणाला, “नात यंदा शाळेत जायला लागली.” तेव्हा कुठे त्याचं बिल केलं.

आज शनिवार. दुपारी बाराच्या सुमाराला एक मुकादम आले. बांधकामावरच्या माणसांसाठी गमबुटांचे आठ जोड हवे होते. मामा नंबर लिहून घेत होते आणि मी बिल करत होतो. मुकादम बोलता बोलता म्हणाले, “आणि एक सहा नंबर असेल तर बघा, पोलादी टोपीचा. आमच्या नव्या इंजिनीअर बाईंसाठी. बायकांच्या मापात असले बूट मिळत नाहीत, पुरुषांचा सहाच घ्यावा लागतो. बिचारीने ऑनलाइन मागवलेत, ते काही येत नाहीत. बूट नाहीत म्हणून आत सोडत नाहीत. दहा दिवस झाले, गेटवर उभी राहून येणारा माल मोजते.” मी बिल करायचा थांबलो. मुकादम सांगतच होते. “साहेब म्हणतात, सोमवारी आठला कामाच्या बुटांत दिसली तर ठीक, नाहीतर दुसऱ्याला बोलावतो. ती रोज मोबाइल दाखवते, बूट वाटेत आहेत म्हणून. साहेब सगळ्यांसमोर म्हणतात, वाटेतले बूट कोणी बघितलेत का? लोक हसतात. ती हसत नाही. बाजूला जाऊन कुठल्यातरी ग्राहक सेवा विभागाला लिहीत बसते.”

मामांनी स्क्रीन बघितली. “एक जोड आहे, पण लाल आहे, दुसऱ्याचा आहे,” म्हणाले. मग चष्मा वर करून पुन्हा बघितली. “वाटेत आहे म्हणतंय.” मग सवयीने मान वर गेली आणि माळ्यावर पत्ता चिकटवलेलं खोकं दिसलं. त्यांनी पत्ता वाचला. मग मुकादमांना तुझं नाव विचारलं. मग मुकादमांसाठी खुर्ची झटकली, चहा मागवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “शिडी लाव.”

मुकादम बाजूच्या दुकानात खिळे घ्यायला गेले तेव्हा मी मामांना सगळं सांगितलं, सहा नंबरच्या नवऱ्यासकट. मामांनी खोकं उघडून बुटाच्या टोपीवर बोटाने टकटक केली. “हे घालून लग्नाला उभं राहतात? सोमवारी सकाळी आठ वाजता?” मी म्हटलं, मला वाटलं. “तुला वाटलं. पोरीला विचारायचं तरी.” मी म्हटलं, विचारलं होतं, विभागातर्फे. यावर त्यांनी कपाळाला हात लावला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मीही ओरडलो असतो आणि प्रकरण नेहमीसारखं मिटलं असतं. एवढंच म्हणाले, “तीस वर्षं डावा-उजवा वेगळा ठेवला, पण कोणाला गेटवर उभं नाही ठेवलं.” आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

मुकादम पाच वाजता टेम्पो घेऊन येणार आहेत. गमबुटांबरोबर हे खोकं देईन, ते आज संध्याकाळीच तुझ्या घरी पोहोचवतो म्हणाले आहेत. पुरुषांचा सहा बायकांच्या टाचेला सैल बसतो असं मामा म्हणतात, म्हणून आत एक जादा तळ घातला आहे. तो मी कापला. जरा वाकडा झालाय, पण चालून बघितलं, म्हणजे हात घालून बघितलं, टोचत नाही. पायमोजे जाड घाल.

हे सगळं मुकादमांकडून तोंडी सांगून पाठवता आलं असतं, किंवा फोन करता आला असता, पण हे पत्र लिहायला बसलो ते खोक्याच्या तळाशी ठेवलेल्या दुसऱ्या कागदासाठी. तो दुकानाच्या छापील कागदावर आहे, तुझ्या साहेबांच्या नावे. पार्सल आमच्याकडून निघालंच नव्हतं, अकरा दिवस दुकानातच होतं, मोबाइलवर दिसलेला प्रत्येक शब्द मी लिहिलेला खोटा होता आणि बाईंनी रोज सांगितलं ते त्यांच्या बाजूने खरं होतं, असं त्यात सरळ लिहिलंय. खाली माझं नाव, माझी सही, मामांचा शिक्का. का केलं ते लिहिलेलं नाही, ते साहेबांचं काम नाही. खरं सांगायचं तर दुपारी एक वाजता मी तोच कागद खिशात घालून तुझ्या साइटवर निघालो होतो. चपला घालून पायरीही उतरलो होतो, आणि टेबल दिसलं की हातही आपटला असता. पायरीवर थांबलो. तो साहेब तुझा आहे, नोकरी तुझी आहे आणि तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत नाही. तर विचारतो. तो कागद साहेबांना द्यायचा का? नको वाटला तर फाडून टाक, तू दिलास तर त्यावर ते जे म्हणतील ते ऐकून घ्यायला मी येईन, तोंड बंद ठेवून. आणखी एक विचारायचं आहे, ते तू ओळखलंच असशील, पण ते आज विचारायचा मला हक्क नाही. टेम्पो आला.

तुझाच, पण तू हो म्हणेपर्यंत नाही,
काडेपेटी