नकाशात गाव चावडीपाशी संपतं

मु. खापरडोह, मोर्शीच्या वर, डोंगराकडे
१२ फेब्रुवारी १९६४

आदरणीय धर्मपालभाऊ यांस देवमनचा मानाचा जयभीम.

तुमचा खोकला आता कसा आहे? अकोल्याची थंडी ओसरली असेल. इकडे तुमची बहीण चतुराबाई खुशाल आहे, मीच तेवढा संतापानं आजारी आहे. तुम्ही सरकारी कचेरीत कामाला, म्हणून हे गाऱ्हाणं तुमच्याकडे. सरकार म्हणून माझ्या ओळखीचं दुसरं कोणी नाही.

मोठ्या लायनीची वीज आमच्या डोंगरापर्यंत यायला अजून कितीक वर्षं लागतील, म्हणून आडबाजूच्या गावांनी स्वतःचं इंजिन लावून स्वतःपुरती वीज करावी, अशी योजना निघाली. इंजिन, डायनामो आणि तार सरकारची. खांब, खड्डे आणि मेहनत गावाची. अर्ज मी लिहिला (सही सरपंच उत्तमराव पाटलांची, अक्षर माझं). दहा दिवे मागितले. त्यातला एक आपल्या बौद्धपुऱ्यातल्या समाजमंदिराला, कारण तिथं संध्याकाळी बायांचा साक्षरतेचा वर्ग भरतो आणि एका कंदिलाभोवती चौदा बाया बसल्या की पाटीवर अक्षरापेक्षा सावलीच जास्त पडते. मंजुरी आली. श्रमदानाची दवंडी साऱ्या गावात फिरली, कुदळी मात्र आपल्याच पुऱ्यातून आल्या. अकराच्या अकरा खड्डे आम्ही खणले. (उत्तमरावांनी पहिल्या खड्ड्याला हळदकुंकू वाहिलं आणि घाम पुसला.)

इंजिन आलं, पण तिवशाला! ट्रकवाल्याच्या कागदावर गावाचं नाव पावसानं पुसलेलं, तर त्यानं ते सडकेवर जिथं चहा बरा मिळतो तिथं उतरवून दिलं. मी आणि मोतीराम दोन बैलगाड्या घेऊन गेलो. मोतीराम तुम्हाला माहीत असेल, आपल्याच पुऱ्यातला, अकोल्याच्या कापसाच्या जिनात बारा वर्षं इंजिनावर होता. येताना तो गाडीत त्या इंजिनाला असा टेकून बसला होता की जणू लेकीला माहेरी आणून राहिला. चौथ्या दिवशी गावात पोचलो. माझी पाठ अजून पोचलेली नाही.

उद्घाटनाला तालुक्याचे साहेब आले, हार झाले, भाषण झालं. मोतीरामनं हँडल मारलं, इंजिन धडधडलं, साहेबांनी बटण दाबलं आणि चावडीपासून पाटलांच्या ओसरीपर्यंत लखलख उजेड. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, मग मागं वळून पाहिलं तर आपल्या पुऱ्यातले तीन खांब नुसतेच उभे, अंगावर तारेचा तुकडा नाही. साहेबांना विचारलं. त्यांनी नकाशा पसरला आणि बोट ठेवून म्हणाले, "गाव इथं चावडीपाशी संपतं." उत्तमराव मागून म्हणाले, "अन् तारही संपली रे देवमन." भाऊ, खड्डे खणायला आम्ही गावात होतो, आणि दिवे लावायच्या वेळी गाव चावडीपाशी संपलं! नकाशा कोण्या जमान्यातला होता, देव जाणे (आपण मानत नाही, पण संतापात तोंडातून निघून जातं).

दुसऱ्या संध्याकाळी मोतीराम इंजिनावर गेलाच नाही. घरी खाटेवर बसून विडी ओढत राहिला. (ही युक्ती मीच त्याला सुचवली, हे तुम्हाला म्हणून सांगतो.) उत्तमरावांनी स्वतः हँडल धरलं. हँडलनं असा उलटा हिसका दिला की पाटील एकीकडे, फेटा दुसरीकडे. ग्रामसेवकानं पाण्याच्या जागी तेल आणि तेलाच्या जागी पाणी घालून पाहिलं. तीन दिवस गाव अंधारात. सवय लागलेल्या उजेडाचं असं असतं की एकाच संध्याकाळी तो बापजाद्यांचा वाटायला लागतो.

चौथ्या दिवशी उत्तमराव स्वतः पुऱ्यात आले. मोतीरामच्या अंगणात पहिल्यांदाच.

"मोतीराम, काहून येऊन नाही राहिला तू?"

"मी गावातला नाही, पाटील. नकाशात पाहून घ्या."

पाटलांनी फेटा सारखा केला. मग म्हणाले, "अरे, तार संपली त्याले मी काय करू?"

तेवढ्यात मागून त्यांच्याच घरच्या सत्यभामाबाई आल्या. काजळी धरलेल्या कंदिलाच्या उजेडात तीन दिवस स्वयंपाक केलेली बाई ती. "संपली कशी? आपल्या संत्र्याच्या बागेले कुंपण कायचं आहे मंग?" असं त्यांनी साऱ्या पुऱ्यादेखत विचारलं. पाटलांचा चेहरा संत्र्यासारखाच झाला. त्याच दुपारी आम्ही कुंपण सोडवलं, तार ताणली, आणि दिवेलागणीला समाजमंदिरात दिवा लागला. चौदा बाया काही वेळ एकमेकींकडेच पाहत बसल्या. पाटीकडे पाहायचं कोणाला सुचेना.

तरी माझा राग गेलेला नाही. त्या नकाशाबद्दल वरपर्यंत तक्रार करायचा विचार आहे, मजकूर कसा असावा ते कळवा. घरच्या साऱ्यांना जयभीम.

तुमचा,
देवमन

ता. क. सरकार आता इंजिनावर एक पगारी चालक नेमणार आहे. मोतीरामचं वय झालं. तुमच्या साहेबांच्या कानावर माझं नाव घालता आलं तर पाहा. इंजिनाचं मला सगळं समजतं. सुरू कसं करायचं तेवढं मोतीराम दाखवील.

आनखी ता. क. दादा, मी चतुरा लिवून राहिली. हे पत्र उघडं पडलं होतं, मी वाचलं. दोन संध्याकाळ लागल्या. मोतीरामभाऊले घरी बसा म्हणून मी सांगतलं होतं. हे तवा म्हणत होते, जाऊ दे, पाटलाच्या नादी नको लागू. नोकरीले मोतीरामभाऊचंच नाव सांगजो. आई गेली तवा तुहं पत्र आलं होतं. हे बाहेरगावी होते. मी ते चार दिवस डब्यात ठेवलं, खुशालीचं असन म्हणून. आता पत्र माह्या नावानं टाकत जाय.