खाट रिकामी राहावी म्हणून

३ जुलै
धाकट्या जावेला, सुनंदाला, महाडच्या दवाखान्यातून घरी आणलं. दम, पायांना सूज. यांचंही असंच होतं. यांना एका पावसाळ्यात तीनदा भरती केलं. चौथ्या वेळी मोठ्या दवाखान्यात नेताना, पोलादपूरच्या पुढे, गाडीतच...

६ जुलै
बिरवाडीच्या सिस्टर आल्या. वजनकाटा पिशवीत घालून वाडीपर्यंत चढून. म्हटलं, कोणी पाठवलं?
म्हणाल्या, "मावशी, दवाखान्याला आता भरतीमागे पैसे मिळत नाहीत. गावातल्या दर माणसामागे वर्षाची ठरलेली एकच रक्कम. माणसं घरीच बरी राहिली तर दवाखान्याचं भलं."
दिवसभर तेच डोक्यात. खाट रिकामी राहावी म्हणून दवाखाना डोंगर चढून आला. असं कोणाला सुचलं असेल?

९ जुलै
सिस्टरनी दिलेला काटा फळीवर ठेवते, सारवलेल्या जमिनीवर डुगडुगतो. ४८. काल ४८. अंगात पाणी साठलं की वजन वाढतं; दोन किलो वाढलं तर सिस्टरना फोन.
सिस्टरना विचारलं, भरत्या कमी झाल्या का, खर्च वाचला का. "एवढ्यात नाही सांगता येणार. वर्ष तर जाऊ दे."
खरं बोलल्या. बरं वाटलं.

१४ जुलै
५०.५. फोन केला. दुपारी सिस्टर हजर, भिजून चिंब.
"मीठ बंद आहे ना?"
सुनंदा म्हणाली, "चिमूटभर नाय घातलं, बाई. वैनीला इचारा."
सिस्टरनी टोपावरचं झाकण काढलं. सुकट, खारवलेली.
"आणि हे?"
"ती तर मासळी हाय!"
सिस्टर हसल्या. मला हसू आलं नाही. यांनाही मीठ बंद सांगितलं होतं. मी बंद केलं होतं. तोंडाला चव यावी म्हणून रोज सुकट भाजून द्यायची. तिन्ही वेळा घरी आल्यावर.
तेव्हा झाकण उघडून बघायला कोणी आलं नाही. एका झाकणाचं अंतर होतं.

१५ जुलै
लिहवत नाही. सुकटीचा डबा शेजारी दिला.

१७ जुलै
डॉक्टरांना विचारून सिस्टरनी लघवीची गोळी वाढवली. ४९.८. दम आहेच. सिस्टरना सरळ विचारलं, "न्यायची वेळ आली तर न्याल ना? की खाट रिकामी ठेवाल?"
रागावल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मलाही ही भीती वाटते, मावशी. म्हणून रोज विचारत जा."
सुनंदा म्हणते, "वैनी, मला हाकलायची घाई झालीय काय? हितं बरी हाय मी."
बसून झोपली आहे. उशाला दोन उशा, तरी आडवं होववत नाही. सिस्टर म्हणतात सकाळपर्यंत बघू. गाडीवाल्याला मी सांगून ठेवलं आहे.