सहाव्या प्रकरणातला भागाकार

१२ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल सकाळी अंघोळ करून देवाचं नाव घेतलं आणि चहा गार होईपर्यंत तुझ्या सांख्यिकीय भौतिकीच्या पुस्तकाची मुद्रितं तपासत बसलो. पाच प्रकरणं वाचताना पुन्हा तुझ्या वर्गात बसल्यासारखं वाटलं. कणांच्या पहिल्या समुदायाचा डबा पूर्ण बंद, दुसऱ्याच्या भिंतीतून उष्णता ये-जा करते, तिसऱ्यातून कणसुद्धा. इतकं सोपं करून आमच्या कॉलेजात कोणी शिकवत नाही, मी तर नाहीच.

सहाव्यात मात्र अडलो. वायूच्या सगळ्या अवस्थांची बेरीज करणारं विभाजन फलन काढताना तू एका कणाचं फलन, जितके कण तितक्या, म्हणजे एन वेळा गुणलंस, पण कणांच्या आपसातल्या अदलाबदलीच्या जितक्या तऱ्हा, तितक्यांनी, म्हणजे एन फॅक्टोरियलने, भागलं नाहीस. छापखान्याची चूक समजून हस्तलिखित पाहिलं, तर तिथेही नाही. असं ठेवलं तर एकाच वायूने भरलेल्या दोन सारख्या खोक्यांमधला पडदा नुसता काढला तरी एंट्रॉपी, कणांची ती अव्यवस्था, वाढलेली दिसते. प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसतं. कण सगळे एकसारखे, कोण कुठला हे विचारायचंच नसतं, हे तूच मला शिकवलंस.

माझंच चुकत असेल तर कान पकड. वहिनींना नमस्कार. आजवर लावलास तसाच जीव लावत राहा.

तुझा,
धाकटा


२० जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आलं. दीडशहाणा झालास की रे! पाटीवर सात आठे चोपन्न लिहिणारा तू, आता माझ्या गणितात खोड काढतोस? भागाकार नाही, म्हणजे तो तिथे नकोच आहे. तुझ्या वहिनीला पंच म्हणून बोलावलं, तर म्हणाली, तुमचं तुम्ही बघा, माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतील. छापखान्याला सांग, एक अक्षर हलवायचं नाही.

हॉस्टेलात थंडी असेल. खिडकीजवळची खाट घेऊ नकोस, तुझी छाती नाजूक. माझी राखाडी शाल पाठवतो आहे. परीक्षा संपली की कुठे न रेंगाळता सरळ घरी ये.

अभ्यासावर आणि आमच्यावर प्रेम असू दे.

तुझा,
दादा


२८ जानेवारी

चि. भाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

शाल मिळाल्याची पोच आली. ती बांधताना मी शेजारीच होते. तुम्ही पन्नाशीला टेकलात, हॉस्टेल सुटून जमाना झाला, हे यांना सांगायला माझी जीभ रेटेना. पार्सलवरचा पत्ता तेवढा बदलला.

आता तुमच्यापासून काय लपवू? डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हा विसर वाढतच जाणार. यांना त्यातलं काही ठाऊक नाही. झोपेच्या तक्रारीसाठी नेलं होतं, असंच समजतात. परवा स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला विचारलं, वर्ग सुटला का. मी म्हटलं, सुटला. मग खुशीत हात झटकले, खडू झटकतात तसे.

तुमचं पहिलं पत्र मी वाचलं. हे घरातली माणसं विसरायला लागले आणि हवेतल्या कणांना मात्र वेगवेगळं ओळखतात, असा विनोद मनात आला आणि माझी मलाच लाज वाटली.

भाऊजी, तुम्ही गुपचूप दुरुस्ती करा आणि छापू द्या. त्या पुस्तकाच्या आधारावर हे उभे आहेत. यांना कळता कामा नये. मी समोर हसते; रडायचं ते मोरीत नळ सोडून रडून घेते.

एवढं माझं ऐकाल ना?

तुमची,
वहिनी


३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

आज सकाळी डोकं स्वच्छ आहे, म्हणून घाईने लिहितो. तुझी दोन खोकी कागदावर मांडली. तूच बरोबर आहेस. अशी चूक मी पहिल्या वर्षाच्या पोरालाही माफ केली नसती.

ही एकटी चूक असती तर बोललो नसतो. शब्द निसटतात रे. कोपऱ्यावरून घरी येताना कुठे वळायचं ते निसटतं. शालीची तुझी पोच वाचली आणि मी काय करून बसलो ते कळलं. वर्षभर हे चाललं आहे. हिला पत्ता नाही. तिला वाटतं, म्हातारपणाचा वेंधळेपणा. वाटू दे. अजून माझ्याकडे बघून हसते, तेवढं हसू मला हवं आहे. हिला सांगू नकोस.

सहावं प्रकरण काढून टाक. दुरुस्त करून माझ्या नावावर छापू नकोस. मला जे येत नाही, ते माझ्या नावावर नको.

सुखी राहा.

तुझा,
दादा


१५ फेब्रुवारी

ती. दादा व ती. वहिनी यांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम दोघांच्या नावाने लिहितो आहे. वहिनी, दादाशेजारी बसून मोठ्याने वाचा.

सहावं प्रकरण छापखान्यातून परत आणलं. पुस्तक पाचव्यावर संपेल. वहिनी, तुमचं ऐकता आलं नाही. एक भागाकार घालून ते सुधारण्यासारखं नव्हतं. पुढे पानोपानी एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा लिहिलेला आहे. पाच प्रकरणं मात्र पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत दादाची आहेत.

आता दुसरं. तुम्ही दोघांनी एकच गोष्ट एकमेकांपासून लपवायला मला सांगितलीत. शब्द मोडणं पाप, असं मनात धरून कितीतरी सकाळी देवापुढे बसलो. पण वहिनी नळ सोडून रडतात, बाहेर येऊन हसतात, आणि दादा त्या हसण्यावर दिवस काढतो, हे कळल्यावर गप्प राहणं मला त्याहून मोठं पाप वाटलं. दादाला समजतं आहे तोवर तरी दोघांनी मिळून रडून घ्या. पुढे ते सगळं एकट्या वहिनींच्या वाट्याला येणार आहे.

राग धरा, पण माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची दोघांची पत्रं याच पाकिटात घातली आहेत. वहिनी, दादाचं तुम्ही वाचा. दादा, वहिनींचं तू वाच. चष्मा लावून, सावकाश.

तुमचा,
धाकटा